पट्ट्या

फूटरेस्ट पहिल्यांदा खाली घेतले तेव्हा ती नऊ वर्षांची होती.
कुपवाडला सेकंड शिफ्ट सुटल्यावर
भंगारातल्या पट्टीचा एक इंच कापून जोडला.
सुपरवायझर बघून न बघितल्यासारखा निघून गेला.
पुढच्या वर्षी पाऊण इंच.
मग अर्धाच, कारण त्याखाली गेलं तर
खडक लागला असता,
आणि लागलाच,
तानंगच्या माळावर, डावीकडच्या वळणाला.

मग हँडल उचललं. सीटमध्ये फोम भरला.
पन्नास सीसीच्या गाडीत
वाढती मुलगी अजून मावते
असं मी दाखवत होतो.
कुणाला, ते विचारू नका.

यंदा शलाकाचे गुडघे हँडलला लागायला लागले.
वळताना कोपर आणि गुडघा
एकाच जागेसाठी भांडायचे.
ती काही बोलली नाही.
सुलभानं पँट समोर धरली,
दोन्ही गुडघ्यांवर ग्रीसचे काळे रुपये.
"हे साबणानं जात न्हाई. गाडी बदला."

रविवारी कराडला गेलो.
बशीर शिकलगारांना बरोबर घेतलं,
मला लोखंड कळतं, इंजिन नाही.
देसायांच्या गोडाऊनमध्ये तीन गाड्या.

पंच्याऐंशीची निळी, पुसून ठेवलेली,
तिच्या मापाची,
अगदी त्या रविवारच्या मापाची.
मला लगेच आवडली.

अडीचशेला बशीरभाईंनी नुसती किक मारली
आणि पत्र्यावरची कबुतरं उठली.
"ही पोरीला घिऊन जाईल, पोरगी हिला न्हाई."

तिसरी सव्वाशे, पोत्यांच्या मागं.
मडगार्ड तडकलेलं, टाकीला पोचा,
सीट माझ्या कमरेला.
बशीरभाई खाली बसले,
चेन दोन बोटांत हलवली,
स्प्रॉकेटचे दात बघितले
खरसुंडीला बैलाचे बघतात तसे.
"चारदाती हाय अजून," म्हणाले, आणि हसले.

शलाका चढली.
फूटरेस्टवर उभी राहून, पलीकडं पाय टाकून.
डावा चवडा जमिनीला लागला.
उजवा अधांतरी.
मी म्हटलं, "पाय पुरत नाहीत."
"एक पुरतोय की," ती म्हणाली.

निळीकडं मी परत गेलो.
हिच्यात दोन वर्षं निघतील, मग परत पट्टी,
परत शिफ्ट संपल्यावर वेल्डिंग,
परत ती शेजारी बॅटरी धरून उभी.
खरं तर मला तेच पाहिजे होतं.
देसायांना वाटलं मी भाव पाडतोय,
त्यांनी हजार कमी केले.

सव्वाशे आवारात फिरवायला दिली.
दोनदा बंद पडली.
तिसऱ्यांदा सुटली आणि वाळूच्या ढिगापाशी
दोघी आडव्या.
मी पळालो. बशीरभाईंनी शर्ट धरला.
ती उठली. माझ्याकडं बघितलं नाही.
क्लचचा लिव्हर वाकलाय का ते बघितलं.

तिथंच पैसे दिले.

लहान गाडी न्यायला बेडगचे ओमासे आले,
टेम्पो आणि आठ वर्षांचा मुलगा घेऊन.
मुलाला वर बसवलं.
त्याचे बूट फूटरेस्टच्या वरच लोंबत राहिले,
शाळेच्या उंच बाकावर बसल्यासारखे.
"लई खाली हैत हो हे," ओमासे म्हणाले.

ग्राइंडर काढला.
एकदम कापता आलं असतं.
मी एकेक काढले. आधी अर्धा इंच.
मग पाऊण.
मग एक, त्या वेल्डिंगला हात बसला नव्हता माझा,
मधमाशांच्या पोळ्यासारखं झालं होतं ते.
शलाकानं गाडी धरली होती,
तोंड फिरवून,
ठिणग्यांमुळं.

तुकडे फरशीवर पडले.
ओमासेंचा मुलगा उचलायला वाकला.
मी म्हटलं, थांब बाळा,
निवू दे जरा.